छेदबाईंना माहीत नसलेली गोष्ट

छेदबाईंचं खरं नाव शाळेच्या मस्टरवर होतं आणि ते तिथेच राहिलं. अपूर्णांक शिकवताना फळ्यावर पट्टी आपटून त्या म्हणायच्या, "आधी छेद बघा, छेद," आणि पोरांनी त्यातूनच त्यांचं बारसं उरकून टाकलं. पुढे पुढे शिपाईसुद्धा "छेदबाईंचा चहा" असं म्हणून कप बाजूला काढून ठेवू लागला. बाईंना ते ठाऊक होतं. राग येण्याइतकं त्यात काही नाही, असं त्यांचं मत होतं. शेजारच्या वर्गातल्या भूगोलाच्या सरांना पोरं काय म्हणायची ते त्यांनी ऐकलेलं होतं.

बाईंच्या वर्गात कुणी नापास होत नसे. त्यांची पद्धत साधी, सरळ आणि कानात बसणारी होती. अपूर्णांकाचा भागाकार आला की सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "दुसरा उलटा करा, गुणा, सोपं रूप द्या." दहा वर्षांनी औषधाच्या दुकानात उभं राहिलं की गल्ल्यावरचा मिशीवाला बाप्या बाईंना ओळखून तेच म्हणून दाखवायचा. बँकेतली मुलगी म्हणायची, दाताचा डॉक्टर तर बाईंच्या तोंडात हात घालून म्हणायचा. अशा दिवशी बाई घरी येताना पिशवी जरा जास्तच हलवत यायच्या.

त्यांच्या वर्गात एकच गोष्ट चालत नसे, ती म्हणजे "का". कुणी विचारलंच तर बाईंचं उत्तर तयार असे. "का हे इतिहासाच्या तासाला विचारायचं. राजे का हरले ते तिथे सांगतात. इथे कसं ते विचारा." पोरं हसायची, प्रश्न हसण्यात वाहून जायचा आणि बाई पुढच्या उदाहरणाकडे वळायच्या.

आता हे सांगून टाकायला हरकत नाही की बाईंना स्वतःलाच माहीत नव्हतं. दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी लहानपणी विचारलं होतं, तेव्हा त्यांचे गुरुजी म्हणाले होते की नियम आहे. बाईंचं पाठांतर लोखंडी. नियम पाठ, पाढे पाठ, पाऊणकी आणि दिडकीसुद्धा पाठ. त्याच जोरावर पैकीच्या पैकी गुण पडत गेले आणि पैकीच्या पैकी पडणाऱ्या मुलीला कोण विचारणार, की बाई गं, तुला कळलंय का? पुढे नोकरी लागली. पुस्तकात बघितलं, तर तिथेही तोच नियम मोठ्या अक्षरांत चौकटीत बसलेला. सिद्धता म्हणून खाली दोन ओळी होत्या, पण त्या वाचून इतकंच कळायचं की उलटा करतात कारण उलटा करतात. कुणाला विचारावं, तर शेजारणीचं नाव पहिल्या वर्षी विचारायचं राहून गेलं की मग जन्मभर नुसतं "काय, बरंय ना?" वरच भागवावं लागतं, तशी गत. झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. तेवढी मूठ झाकलेली राहावी, एवढंच बाईंचं मागणं होतं.

नेमक्या याच वेळी जिल्ह्याला सर्जनशीलतेचा झटका आला.

जिल्हा शिक्षण कार्यालयात नवे गणित सल्लागार आले. तरुण, टापटीप, शर्टाच्या खिशात तीन रंगांचे मार्कर. पहिल्याच सभेत त्यांनी सगळ्या शाळांच्या शिक्षकांना उद्देशून विचारलं, "का?" आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. कुणाला वाटलं ध्वनिक्षेपक बिघडला, कुणी खुर्ची सरकवली. मग ते म्हणाले की हाच एक शब्द आपल्या वर्गांतून हरवला आहे आणि आता जिल्ह्यातलं प्रत्येक मूल गणित समजून शिकेल. त्या दिवसापासून त्यांना सगळे का-साहेब म्हणू लागले.

साहेबांच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. पण हेतू कार्यालयातून निघून शाळेपर्यंत पोचतो तो परिपत्रकाच्या पायांनी. पहिलं परिपत्रक आलं, की दर गुरुवारी तिसऱ्या तासाला सर्व शाळांनी सर्जनशील असावं. दुसरं आलं, की सर्जनशीलतेत एकसूत्रता नसल्याचं निदर्शनास आलं आहे, तरी सोबतच्या नमुन्याप्रमाणेच सर्जनशील असावं. मग प्रत्येक शाळेला रंगीत ठोकळ्यांची आणि चकत्यांची एक मोठी पेटी मिळाली. पेटीतला एकही ठोकळा हरवल्यास मुख्याध्यापक जबाबदार, असं झाकणावरच छापलेलं होतं. मुख्याध्यापकांनी ती कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली घरी नेली. आमच्या शाळेतली पेटी अजून नवीकोरी आहे, असं ते अभिमानाने सांगत.

खरी पंचाईत निरीक्षण तक्त्याने केली. साहेब स्वतः शाळाशाळांतून फिरून पाठ बघणार होते आणि गुण देणार होते. मुलांनी स्वतःहून चुका केल्या तर गुण. मुलांनी एकमेकांच्या चुका दुरुस्त केल्या तर गुण. शिक्षकांनी उत्तर न सांगता गप्प बसून दाखवलं तर सगळ्यात जास्त गुण. आणि बाईंच्या शाळेत साहेब बघणार होते नेमका अपूर्णांकांचा भागाकार. ते ऐकलं आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

मुख्याध्यापक मात्र निवांत होते. त्यांनी आजवर स्नेहसंमेलनं बसवली होती, कवायती बसवल्या होत्या. उत्स्फूर्तपणा बसवायला असा कितीसा वेळ लागणार? त्यांनी बाईंना बोलावून कामाची वाटणी केली. चूक कोण करणार, ती कुणी पकडायची, "अरे हो की" कुणी म्हणायचं, टाळी कुठे द्यायची. वर्गात पहिली येणारी मुलगी बोलायला धीट म्हणून चूक तिला दिली. सहा भागिले तीन छेद चार, असं उदाहरण फळ्यावर आलं की तिने उलटा करायला विसरून साडेचार म्हणायचं. मग तिच्या मैत्रिणीने उठून म्हणायचं, "नाही बाई, मला वेगळं वाटतं, उत्तर आठ." मग टाळ्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या नंबराची आई शाळेत हजर. आमच्या मुलीने आजवर एक चूक केली नाही, मग साहेबांसमोर तिलाच चूक का दिली, असा तिचा सवाल होता. मुख्याध्यापकांनी तिला समजावलं की नव्या धोरणात चूक हा मानाचा भाग आहे. ती बातमी तास संपायच्या आत वर्गभर पसरली आणि मधल्या सुट्टीपर्यंत चार पालकांचे फोन आले की आमच्या मुलालाही एखादी लहानशी चूक मिळावी.

एकाच मुलीला काही मिळालं नाही. मागच्या बाकावर बसणारी ती चिमुरडी लिहायची कमी आणि खोडायची जास्त, म्हणून शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव खोडरबर. तिच्या चुका अस्सल असायच्या. त्या कधी येतील आणि कुठल्या येतील याचा भरवसा नसायचा. म्हणून मुख्याध्यापकांनी तिला जवळ बोलावून, डोक्यावर हात ठेवून सांगितलं की साहेब असेपर्यंत तू काही बोलायचं नाहीस. तिने मान डोलावली.

तालमी सुरू झाल्या. सगळं छान बसत चाललं होतं, पण बाईंची झोप उडाली. तक्त्यात एक रकाना होता, "विद्यार्थी का असे विचारतात." तो भरण्यासाठी साहेबांनी स्वतःच कुणाला तरी उठवून विचारायला लावलं तर? सगळ्या वर्गासमोर, मुख्याध्यापकांसमोर, जिल्ह्यासमोर बाई काय सांगणार होत्या? राजे का हरले?

शेवटी त्यांनी नवऱ्याला विचारायचं ठरवलं. ते बस आगारात वेळापत्रकं लावायचे, डोकं चालायचं. संध्याकाळी ते भाजी निवडत बसले होते. बाई सहज विचारल्यासारखं करून म्हणाल्या, की अपूर्णांकाने भागताना उलटा का करतात हो? त्यांनी वर बघितलं आणि हसले. त्यांना वाटलं, बाई परीक्षा घेतायत. "अगं, गणिताची बाई तू. मला माहीत असतं तर मी आगारात असतो का?" बाई म्हणाल्या, की समजा मलाही माहीत नसलं तर? "काहीतरीच तुझं," ते म्हणाले आणि देठं गोळा करून उठले. बायकोच्या गणितावर त्यांचा इतका विश्वास होता की शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते ऐकून कंटाळा यायचा. त्या रात्री बाईंना त्या विश्वासाची पहिल्यांदाच चीड आली.

पाठाचा दिवस उजाडला. कपाट उघडून पेटी टेबलावर ठेवली होती, झाकण लावून. का-साहेब मागे खुर्ची टाकून तक्ता मांडीवर घेऊन बसले, शेजारी मुख्याध्यापक. बाईंनी फळ्यावर उदाहरण लिहिलं आणि परिपत्रकाप्रमाणे गप्प बसल्या.

पहिल्या नंबराची मुलगी उठली. तिने फळ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, तोंड उघडलं आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. जन्मात चूक केलेली नाही, ती आज परक्या माणसासमोर कशी करायची? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आठ," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

मैत्रिणीचं वाक्य मात्र पक्कं पाठ होतं. ती ताडकन उठली. "नाही बाई, मला वेगळं वाटतं, उत्तर आठ."

ठरल्याप्रमाणे टाळ्या पडल्या. "अरे हो की" वाला मुलगाही "अरे हो की" म्हणाला. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. आणि त्या गोंधळात मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला. खोडरबर उभी राहिली होती. तिला गप्प बसायचं होतं हे ती विसरली नव्हती, पण तिला राहवलं नाही.

"बाई, दोघींचंही आठच आहे. मग चूक कुणाची?"

वर्ग हसला. बाई म्हणाल्या बस खाली. ती बसली नाही. तिच्या कपाळावर आठ्या होत्या. "आणि बाई, सहाला भागलं तर सहापेक्षा मोठं कसं आलं? भागलं की कमी होतं ना? उलटा का करायचा पण?"

इतिहासाच्या तासाचं वाक्य बाईंच्या जिभेवर आलं. नेहमी यायचं तसंच. पण ती पोरगी हसत नव्हती. तिला खरंच हवं होतं. बाईंना एकदम दिसलं, की हिच्याएवढी असताना आपण गुरुजींसमोर असेच उभे होतो, आणि नियम आहे हे ऐकून खाली बसलो, ते अजून बसलेलोच आहोत. पट्टी टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही."

बाहेर शिपाई कप विसळत होता ते ऐकू आलं. बाईंना वाटलं, आता संपलं. संपलंच आहे तर मग घाबरायचं कशाला, असंही वाटलं. त्यांनी खोडरबरला पुढे बोलावलं आणि म्हणाल्या, चल, बघू या. पेटीकडे हात नेला, तर मुख्याध्यापक अर्धवट उठलेच, म्हणून त्यांनी वहीचा मधला कागद ओढला आणि त्याच्या सहा सारख्या पट्ट्या फाडल्या. या सहा पट्ट्यांत पाऊण पट्टी किती वेळा बसते, असं त्यांनी विचारलं. विचारताना त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं की भागाकार म्हणजे एवढंच तर विचारणं.

खोडरबर म्हणाली, पाऊण म्हणजे तीन पाव. म्हणून सगळ्या पट्ट्यांचे पाव करू. प्रत्येकीचे चार. पोरं बाकं सोडून टेबलाभोवती जमली. सहा चोक चोवीस तुकडे झाले. "म्हणजे चाराने गुणलं," कुणीतरी म्हणालं. आता तीन-तीन तुकड्यांचा एकेक ढीग. "म्हणजे तिनाने भागलं." ढीग आठ झाले. खालचा चार वर गेला होता आणि वरचा तीन खाली आला होता. कुणी उलटा केला नव्हता, तो आपसूक उलटा झाला होता. आणि भागलं तरी आकडा मोठा का, तर ढीग पट्टीपेक्षा लहान म्हणून जास्त झाले. खोडरबर ते आठ ढीग परत परत मोजत होती.

बाई फळ्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना इतका आनंद झाला की लाज वाटली. मग राग आला, गुरुजींचा, चौकटीतल्या नियमाचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. एवढंसंच होतं. कागदाच्या सहा पट्ट्या. आणि औषधाच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत आपण काय पाठ करून पाठवलं.

तास संपल्यावर का-साहेब धावतच आले. त्यांचे डोळे चमकत होते. पाठाची अशी तंत्रशुद्ध मांडणी त्यांनी जिल्ह्यात पाहिली नव्हती. मुलींनी बरोबर उत्तरावर वाद घातला हे तर अफलातून, आणि ते "मला माहीत नाही" म्हणताना बाईंचा आवाज कापला तो क्षण! बाई म्हणाल्या, "साहेब, मला खरंच माहीत नव्हतं." साहेब मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, "बघा, अजून भूमिकेतच आहेत." मुख्याध्यापकांनीही लगेच सांगितलं की तालमीला फार मेहनत घेतली.

बाईंनी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, की आमची ही नाटकातही काही कमी नाही.

आठवड्यात परिपत्रक आलं. सर्व शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांनी पाठाच्या दहाव्या मिनिटाला "मला माहीत नाही" असं म्हणावं. आवाज किंचित कापरा असावा. आणि याचं प्रशिक्षण देण्यासाठी छेदबाईंची नेमणूक झाली. तक्रार करावी तर कुणाकडे? लोक पदोन्नतीसाठी जोडे झिजवतात, आणि बाईंना खरं बोलल्याबद्दल घरबसल्या मान मिळाला होता.

मोठ्या सभागृहात जिल्हाभरातले शिक्षक जमले. बाईंनी उभं राहून सरळ सांगितलं, की मी इतकी वर्षं हे न कळता शिकवत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी वाक्य उतरवून घेतलं. मग बाईंनी पट्ट्या काढायच्या आत का-साहेबांनी मार्कर उंचावला आणि सगळ्या सभागृहाने एका सुरात म्हटलं, "मला माहीत नाही." पुन्हा एकदा, जरा कापऱ्या आवाजात. एका सरांनी शंका विचारली, की म्हणताना मुलांकडे बघायचं की खिडकीबाहेर? त्यावर बरीच चर्चा झाली आणि जेवणाची सुट्टी झाली. दुपारी उरलेला वेळ खिडकीतच गेला. पट्ट्या बाईंच्या पिशवीतच राहिल्या.

संध्याकाळी सभागृह रिकामं झालं. बाई पिशवी आवरत होत्या. का-साहेब व्यासपीठावर एकटेच मार्करची टोपणं लावत होते, एकच टोपण काढून परत लावत होते. मग ते खाली आले. ते पट्ट्यांचं पुन्हा एकदा दाखवता का, असं त्यांनी विचारलं. म्हणजे शिक्षकांच्या दृष्टीने, पुस्तिकेत चित्र द्यायचं म्हणून. तसं सगळं स्पष्टच आहे, पण क्रम नीट असलेला बरा. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मान जरा तिरकी, हसू ओठांवर, आणि नजर पट्ट्यांच्या पिशवीवर. अशी मान त्यांनी कितीतरी वर्षं आरशात पाहिली होती.

"साहेब, तुम्हाला माहीत नाही?" त्यांनी विचारलं.

साहेब हसले. म्हणजे तसं नाही, असं म्हणाले. मग त्यांनी सभागृहाच्या दाराकडे बघितलं, खुर्च्यांच्या रिकाम्या रांगांकडे बघितलं. "नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज अजिबात कापला नाही. जेमतेम ऐकू आला.

आपल्यावर कुणी विश्वास ठेवला नाही याची बाईंना आठवण झाली. एखादं वाक्य टाकायची संधी चांगली होती, आणि जिभेवर दोन-तीन वाक्यं आलीही. पण माहीत नसताना आयुष्यभर माहीत असल्यासारखं उभं राहायला किती कष्ट पडतात, ते त्या सभागृहात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी साहेबांवर तत्काळ विश्वास ठेवला. जाऊन सभागृहाचं दार लोटलं आणि एक खुर्ची त्यांच्यासाठी पुढे ओढली. पिशवीतल्या पट्ट्या चुरगळल्या होत्या. टेबलावर परिपत्रक पडलं होतं, त्याची मागची बाजू कोरी होती. ते त्यांनी मधोमध दुमडलं.

"बसा," त्या म्हणाल्या, "आधी सहा सारख्या पट्ट्या फाडायच्या."